लालबागचा खासदार: मुंबई दक्षिणचा की दक्षिण मध्यचा?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

मुंबई शहरातले दोन लोकसभा मतदारसंघ, ‘मुंबई दक्षिण’ आणि ‘मुंबई दक्षिण मध्य’, यांच्या हद्दींबद्दल रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडमधून बरेच प्रश्न आले. चाकरमान्यांच्या घरात हा विषय निघणारच. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (लांजा): वडील गिरणीत होते, लालबागला राहायचे. घरात कायम ऐकलं की आपले खासदार दत्ता सामंत आणि नंतर मोहन रावले. आता लालबाग ‘मुंबई दक्षिण’मध्ये आहे म्हणून त्या मतदारसंघाच्या खासदारांची यादी पाहिली, तर तिथे मुरली देवरा आणि जयवंतीबेन मेहता. यातलं खरं काय?

उत्तर: घरात ऐकलेलं खरं आहे आणि यादीही बरोबर आहे. तुम्ही दुसऱ्याच भागाची यादी वाचलीत, एवढंच. मतदारसंघाचं नाव तसंच राहतं आणि त्याखालची वस्ती बदलते. मुंबईत हे २००८ च्या पुनर्रचनेत झालं.

२००४ च्या निवडणुकीपर्यंत कुलाब्यापासून माहीम-धारावीपर्यंतच्या शहरात विधानसभेचे १७ मतदारसंघ होते. ‘मुंबई दक्षिण’मध्ये कुलाबा, उमरखाडी, मुंबादेवी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस आणि मलबार हिल हे सहा येत. ‘मुंबई दक्षिण मध्य’मध्ये चिंचपोकळी, नागपाडा, माझगाव, परळ, शिवडी आणि वरळी. सगळं गिरणगाव म्हणजे हाच दक्षिण मध्य. उरलेले नायगाव, दादर, माटुंगा, माहीम आणि धारावी हे पाच ‘मुंबई उत्तर मध्य’मध्ये होते आणि त्यांच्या जोडीला उपनगरातला एक.

२००८ मध्ये शहरातले १७ मतदारसंघ १० वर आले. उमरखाडी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस, चिंचपोकळी, नागपाडा, माझगाव, परळ, नायगाव, दादर आणि माटुंगा ही दहा नावं गेली. भायखळा, वडाळा आणि सायन कोळीवाडा ही तीन नवी आली. ‘मुंबई दक्षिण’ उत्तरेकडे वाढला आणि त्याने गिरणगाव पोटात घेतलं. आज त्यात वरळी, शिवडी, भायखळा, मलबार हिल, मुंबादेवी आणि कुलाबा आहेत. लालबाग, परळ, काळाचौकी हा भाग शिवडी विधानसभेत येतो. ‘दक्षिण मध्य’ हे नाव आणखी वर सरकलं आणि माहीम, वडाळा, सायन कोळीवाडा, धारावी, चेंबूर आणि अणुशक्ती नगर या सहांना मिळालं.

तेव्हा लालबाग-परळचा इतिहास वाचायचा तर २००४ पर्यंत दक्षिण मध्यची यादी घ्या आणि २००९ पासून दक्षिणची. १९७७ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे बी. सी. कांबळे निवडून आले, १९८० मध्ये काँग्रेसचे आर. आर. भोळे. १९८४ मध्ये मूळचे देवबागचे दत्ता सामंत जिंकले. त्यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप तोवर मोडून पडला होता आणि देशभर काँग्रेसची लाट होती. तरी गिरणगावाने सामंतांना दिल्लीला पाठवलं. त्याच निवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक इथे भाजपच्या कमळावर उभे राहून पडले. १९८९ मध्ये तेच महाडिक शिवसेनेचे खासदार झाले. मग १९९१, १९९६, १९९८, १९९९ आणि २००४ अशा पाच निवडणुका मोहन रावले जिंकले. २००९ पासून लालबागकर ‘दक्षिण’चे मतदार झाले: एकदा मिलिंद देवरा, मग २०१४, २०१९ आणि २०२४ मध्ये अरविंद सावंत.

दादर-माहीमकरांना असाच सांधा उत्तर मध्य आणि दक्षिण मध्य यांच्यात जुळवावा लागतो. १९७७ मध्ये अहिल्या रांगणेकर, १९८० मध्ये प्रमिला दंडवते, १९८४ मध्ये शरद दिघे, १९८९ मध्ये विद्याधर गोखले, १९९१ मध्ये पुन्हा दिघे, १९९६ मध्ये नारायण आठवले, १९९८ मध्ये रामदास आठवले, १९९९ मध्ये मनोहर जोशी आणि २००४ मध्ये एकनाथ गायकवाड हे सगळे उत्तर मध्यचे खासदार. पुढे २००९ मध्ये गायकवाड, २०१४ आणि २०१९ मध्ये राहुल शेवाळे, २०२४ मध्ये अनिल देसाई हे दक्षिण मध्यचे. एकनाथ गायकवाडांनी २००९ मध्ये मतदारसंघ बदलला असं लिहिलेलं दिसतं. कागदावर ते बरोबर आहे. प्रत्यक्षात धारावी आणि माहीम दोन्ही वेळा त्यांच्याच मतदारसंघात होते.

गिरगाव, कुलाबा, मलबार हिलच्या माणसाला यातलं काही करावं लागत नाही. तो भाग पूर्वीही ‘दक्षिण’ होता आणि आजही आहे. रतनसिंह राजदा १९७७ आणि १९८० मध्ये, मुरली देवरा १९८४, १९८९, १९९१ आणि १९९८ मध्ये, जयवंतीबेन मेहता १९९६ आणि १९९९ मध्ये, मिलिंद देवरा २००४ मध्ये, अशी ती यादी सरळ वाचता येते.

प्रश्न (रत्नागिरी, महाविद्यालयीन विद्यार्थी): प्रकल्पासाठी ‘मुंबई दक्षिण’मधल्या २००४ आणि २००९ च्या मतांची तुलना करतोय. कुठल्या पक्षाची किती टक्के मतं वाढली-घटली ते काढायचं आहे. आकडे कुठे मिळतील?

उत्तर: आकडे मिळतील, पण ही तुलना करू नका. २००४ चा ‘दक्षिण’ आणि २००९ चा ‘दक्षिण’ यांच्यात निम्म्याहून अधिक वस्ती वेगळी आहे. २००९ मध्ये इथे मिलिंद देवरा जिंकले, मनसेचे बाळा नांदगावकर दुसरे आले आणि पाच वेळा निवडून आलेले मोहन रावले तिसरे. नांदगावकर आणि रावले यांच्या मतांची बेरीज देवरांच्या मतांपेक्षा जास्त होती. कुलाबा-मलबार हिलमध्ये एकाएकी मराठी पक्ष वाढले असा अर्थ यातून कुणी काढला तर चुकेल. गिरणगावची मतं पहिल्यांदाच या पेटीत आली होती आणि दोन पक्षांत वाटली गेली होती.

तुलना करायचीच तर विधानसभा मतदारसंघ हा घटक धरा. प्रत्येक लोकसभा मतदारसंघात महाराष्ट्रात सहा विधानसभा मतदारसंघ असतात आणि लोकसभेची मतंही विधानसभानिहाय मोजली जातात. त्याचा तपशील ‘नमुना २०’ या अंतिम निकालपत्रकात असतो. त्यात एकेका मतदान केंद्रावर कुठल्या उमेदवाराला किती मतं पडली हे लिहिलेलं असतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ही पत्रकं पाहायला मिळतात. जुनी पत्रकं स्कॅन केलेली असतात, त्यामुळे आकडे हातानेच उतरवून घ्यावे लागतात.

२००९, २०१४, २०१९ आणि २०२४ या चार निवडणुकांत हद्दी एकच आहेत, म्हणून विधानसभानिहाय बेरजा शेजारी शेजारी ठेवता येतात. त्याच्या मागे गेलात की दोन ठिकाणी घोटाळा होतो. एक म्हणजे नाव जुळलं की हद्दही जुळली असं धरलं जातं. वरळी आणि शिवडी २००४ मध्येही होत्या आणि आजही आहेत, पण १७ चे १० झाल्यावर प्रत्येक मतदारसंघ फुगला. शेजारच्या रद्द झालेल्या मतदारसंघांचे तुकडे त्यांना येऊन चिकटले. दुसरं, मतदान केंद्राचा क्रमांक. केंद्रांची फेरमांडणी होत असते, आणि २००९ चं केंद्र क्रमांक ४० हे २०१९ मध्ये दुसऱ्याच गल्लीचं असू शकतं. म्हणून जुळणी क्रमांकावरून न करता केंद्राच्या इमारतीचं नाव आणि यादी भागातल्या चाळी-रस्त्यांची नावं पाहून करा. काम किचकट आहे, पण एका विधानसभेपुरतं केलंत तरी प्रकल्प उत्तम होईल.

प्रश्न (चिपळूण): माहीमची खाडी कुठे आणि ट्रॉम्बेची टेकडी कुठे! माहीमला चेंबूर आणि अणुशक्ती नगर कशासाठी जोडलं? यात राजकारण होतं का?

उत्तर: राजकीय पक्ष आपापला आग्रह धरतातच. पण या जोडणीचं कारण साध्या भागाकारात सापडतं, आणि ते आधी पाहायला हवं.

मतदारसंघांच्या हद्दी आखणाऱ्या परिसीमन आयोगापुढे २००१ च्या जनगणनेचे आकडे होते. महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७ आणि विधानसभेच्या जागा २८८. म्हणजे एका जागेमागे सरासरी ३ लाख ३६ हजार माणसं. आधी प्रत्येक जिल्ह्याला किती जागा येतात हे ठरलं. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३,३८,०३१. सरासरीने भागल्यावर ९.९ येतात, म्हणून १० जागा. मुंबई उपनगर जिल्हा ८६,४०,४१९, म्हणजे २५.७, म्हणून २६ जागा. पूर्वी दोन्हीकडे सतरा-सतरा होत्या.

आता सहा-सहाचे गट करा. शहराच्या १० मधून एक पूर्ण गट निघतो, तो आजचा ‘दक्षिण’. चार उरतात: माहीम, वडाळा, सायन कोळीवाडा आणि धारावी. विधानसभा मतदारसंघ जिल्ह्याची हद्द ओलांडत नाही, पण लोकसभेचा ओलांडू शकतो. शहराच्या तिन्ही बाजूंना पाणी, तेव्हा दोन जागा उपनगरातूनच घ्याव्या लागणार. धारावी आणि सायनच्या पूर्वेला लागून चेंबूरचा पट्टा आहे, तिथल्या दोन घेतल्या. उपनगराच्या २६ मधून दोन गेल्या की २४ राहतात आणि त्यांचे सहा-सहाचे चार गट होतात: उत्तर, उत्तर पश्चिम, उत्तर पूर्व आणि उत्तर मध्य. कुठे काही उरत नाही.

त्या दोन जागा कुर्ला-कलिना बाजूने घेता आल्या असत्या का, हा वाद घालण्यासारखा आहे. दोन जागा उपनगरातून घ्यायच्या की नाहीत, याला मात्र दुसरं उत्तर नव्हतं. धारावी आणि कुर्ला या मुंबईतल्या दोन विधानसभा जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. मुंबईची लोकसभेची एकही जागा आज राखीव नाही.

प्रश्न (उरण): आम्ही समुद्रकाठचे लोक, आणि आमचा लोकसभा मतदारसंघ घाटावरचा ‘मावळ’! असं का?

उत्तर: वरचाच हिशोब. रायगडला ७ जागा आल्या, रत्नागिरीला ५, सिंधुदुर्गला ३. एकूण १५. दक्षिणेकडून मोजत या: सिंधुदुर्गच्या तीन आणि चिपळूण, रत्नागिरी, राजापूर मिळून ‘रत्नागिरी-सिंधुदुर्ग’. मग रत्नागिरीच्या उरलेल्या दापोली आणि गुहागर, त्यांना पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड जोडून ‘रायगड’. बारा संपल्या. पनवेल, कर्जत आणि उरण या तीन उरल्या. त्या पुणे जिल्ह्यातल्या मावळ, चिंचवड आणि पिंपरी या तिघांशी जोडल्या गेल्या. ठाणे जिल्ह्याकडे जोडता आल्या नाहीत, कारण ठाण्याला नेमक्या २४ जागा आल्या होत्या आणि त्यांचे पालघर, भिवंडी, कल्याण आणि ठाणे असे चार गट पूर्ण होत होते.

पूर्वी रायगड ७, रत्नागिरी ७ आणि सिंधुदुर्ग ४ अशा १८ जागा होत्या. त्यात कुलाबा (मुंबईतला नव्हे, रायगड जिल्ह्याचं जुनं नाव), रत्नागिरी आणि राजापूर हे तीन लोकसभा मतदारसंघ बरोबर बसत. खेड आणि संगमेश्वर हे विधानसभा मतदारसंघ गेले, सिंधुदुर्गची एक जागा गेली, आणि त्याबरोबर बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांचा राजापूर मतदारसंघही गेला. कोकणाने यात खूप गमावलं. राजापूरचं नाव तरी नव्या मतदारसंघात राहायला हवं होतं.

प्रश्न (मालवण): १९७७ च्या आधी गिरणगावातून कोण निवडून येत होतं? डॉ. आंबेडकर मुंबईतून लोकसभेला पडले, तो मतदारसंघ हाच का?

उत्तर: १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत मुंबईत ‘शहर दक्षिण’ आणि ‘शहर उत्तर’ अशी विभागणी होती. दक्षिणेतून स. का. पाटील निवडून आले. ‘शहर उत्तर’ हा द्विसदस्य मतदारसंघ होता: एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी बाबासाहेबांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. सर्वसाधारण जागा विठ्ठल बाळकृष्ण गांधी यांना मिळाली. तो मतदारसंघ प्रचंड होता. आजच्या एखाद्या मतदारसंघावर बोट ठेवून ‘तो हाच’ असं म्हणता येणार नाही.

१९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचं वारं होतं. ‘शहर मध्य’ या द्विसदस्य मतदारसंघातून कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे गोपाळ काळुजी माने निवडून आले. गिरण्या आणि दलित वस्त्या एकाच पेटीत होत्या, आणि दोघांचे पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत एकत्र होते. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. १९६२ मध्ये ‘मध्य दक्षिण’ आणि ‘मध्य उत्तर’ असे दोन झाले. मध्य दक्षिणमध्ये विठ्ठल गांधी जिंकले, मध्य उत्तरमध्ये काजरोळकर. १९६७ मध्ये डांगे मध्य दक्षिणमधून पुन्हा निवडून आले, आणि त्याच वर्षी ‘दक्षिण’मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटलांना पाडलं. सलग तीन वेळा निवडून आलेल्या, मुंबई काँग्रेसवर पकड असलेल्या पाटलांचा तो पराभव देशभर गाजला. १९७१ मध्ये मध्य दक्षिण काँग्रेसकडे गेला आणि अब्दुल कादर सालेभॉय खासदार झाले.

दक्षिण, दक्षिण मध्य, उत्तर मध्य, उत्तर पूर्व, उत्तर पश्चिम आणि उत्तर ही आजची सहा नावं १९७७ च्या निवडणुकीपासूनची. त्या पहिल्याच खेपेला सहाही ठिकाणी काँग्रेस हरली. राजदा, कांबळे आणि रांगणेकर वर आलेच. बाकीचे तिघे म्हणजे सुब्रमण्यम स्वामी, राम जेठमलानी आणि मृणाल गोरे.

कोकणातल्या वाचकांना आवडेल अशी एक नोंद: १९८० च्या लोकसभेत मधु दंडवते राजापूरचे खासदार होते आणि प्रमिला दंडवते मुंबई उत्तर मध्यच्या.

प्रश्न (गुहागर): मुंबईत वडाळ्याला खोली, गावी घर. माझं नाव दोन्ही याद्यांत आहे. गणपती, शिमगा, मे महिना गावीच असतो. दोन्हीकडे नाव ठेवलं तर चालेल का?

उत्तर: नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम १७ प्रमाणे एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांत असता कामा नये, आणि कलम १८ प्रमाणे एकाच मतदारसंघातही दोनदा नको. अर्ज करताना खोटं निवेदन केलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लोकसभेला दोन मतदारसंघांत मत दिलं तर दोन्ही मतं रद्द ठरतात.

नाव कुठे ठेवायचं हे ‘सर्वसाधारण रहिवासा’वर ठरतं. कलम २० इथे स्पष्ट आहे: एखाद्या ठिकाणी घर मालकीचं आहे एवढ्यावरून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. आणि तात्पुरतं बाहेर गेल्याने रहिवास मोडतही नाही. वर्षाचे दहा महिने वडाळ्याला आणि सणाला गुहागरला असाल तर तुमचं नाव वडाळ्यात हवं. निवृत्त होऊन गावी परतला असाल आणि मुंबईच्या खोलीत मुलगा राहत असेल तर तुमचं गुहागरला आणि त्याचं वडाळ्यात.

गावचं नाव लोक सोडत नाहीत याचं खरं कारण ग्रामपंचायत. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, त्यामुळे विधानसभेच्या यादीतून नाव गेलं की ग्रामपंचायतीचं मतही जातं. गावात दहा-वीस मतांवर निकाल फिरतो, म्हणून आग्रह होतो. ओढ समजण्यासारखी आहे, पण गावात बारमाही राहणाऱ्यांच्या पाण्याचा आणि रस्त्याचा निर्णय त्यांच्याच मतांवर व्हावा हे न्याय्य आहे.

करायचं काय? जिथे राहता तिथलं नाव ठेवा. दुसरीकडचं काढायला नमुना ७ भरा. नाव एकाच ठिकाणी असेल आणि घर बदललं असेल तर नमुना ८. मतदारसंघ बदलत असला तरी २०२२ पासून स्थलांतरासाठी हाच नमुना चालतो. नमुना ६ फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. दुहेरी नावं तयार होतात ती बहुतेक याच चुकीने: माणूस जागा बदलतो, नव्या ठिकाणी नमुना ६ भरतो, ‘आधी नोंदणी नाही’ या ओळीखाली सही करतो आणि जुनं नाव तसंच राहतं. अर्ज मतदार सेवा पोर्टलवर किंवा तुमच्या भागाच्या बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) द्या. पोच क्रमांक लिहून ठेवा. चौकशीसाठी १९५० हा दूरध्वनी क्रमांक आहे. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते, आणि प्रत्येक अर्जावर हरकतीसाठी सात दिवस ठेवावे लागतात. म्हणून निवडणूक जाहीर व्हायची वाट पाहू नका.

प्रश्न (वेंगुर्ला): मुलाच्या मुंबईच्या पत्त्यावर ‘जी दक्षिण’ विभाग आहे, नगरसेवकाचा प्रभाग क्रमांक वेगळा, मतदार ओळखपत्रावर तिसराच आकडा. लोकसभा कुठली हे कशावरून ओळखायचं?

उत्तर: ओळखपत्रावरून आणि यादीवरूनच. महापालिकेचे ए, बी, सी, जी दक्षिण हे विभाग कारभारासाठी आहेत. नगरसेवकांचे २२७ प्रभाग पालिका निवडणुकीपुरते असतात आणि त्यांच्या हद्दी स्वतंत्रपणे बदलतात. लोकसभेशी या दोन्हींचा संबंध नाही. यादीत विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक पाहा. १८२ ते १८७ असेल तर मुंबई दक्षिण. १७२, १७३ किंवा १७८ ते १८१ असेल तर दक्षिण मध्य. चाळीचा पुनर्विकास होऊन मुलगा संक्रमण शिबिरात गेला असेल तर यादीत जुन्या चाळीचाच पत्ता राहून जातो, आणि पडताळणीत घर सापडत नाही म्हणून नाव वगळलं जातं. नव्या पत्त्यासाठी नमुना ८ लगेच भरा.

प्रश्न (देवगड): पुढच्या पुनर्रचनेत कोकणच्या जागा आणखी कमी होतील का?

उत्तर: ८४ व्या घटनादुरुस्तीने राज्याराज्यांतलं जागावाटप २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत गोठवलं. एकूण जागा किती ठेवायच्या हे संसद ठरवील, त्यामुळे आज नेमका आकडा देणं चुकीचं होईल. दिशा मात्र काढता येते. २०११ ची लोकसंख्या घ्या आणि जागा २८८ च धरा. राज्य ११,२३,७४,३३३, म्हणजे सरासरी ३ लाख ९० हजार. रत्नागिरी १६,१५,०६९, म्हणजे ४.१: पाचाच्या चार. सिंधुदुर्ग ८,४९,६५१, म्हणजे २.२: तिनाच्या दोन. दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी झाली होती. मुंबई शहरही ३०,८५,४११ वर उतरलं होतं, म्हणजे ७.९: दहाच्या आठ. पालघरसह जुना ठाणे जिल्हा मात्र १,१०,६०,१४८, म्हणजे २४ वरून २८. लालबाग-परळची घरं विरार, बदलापूर, डोंबिवलीला गेली, तशा जागाही तिकडे जाणार.

हे आकडे जनगणनेचे असल्यामुळे ‘आमच्या जागा कमी करू नका’ अशा निवेदनांचा उपयोग नसतो. तुमचं म्हणणं चालतं ते हद्द कुठून काढायची यात. मागच्या वेळी आयोगाच्या जोडीला राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून होते. त्यांना मतदानाचा हक्क नव्हता, पण मतभेद नोंदवता येत होता. मसुदा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत छापला गेला, हरकतींसाठी तारीख दिली गेली आणि जाहीर सुनावण्या झाल्या. अंतिम आदेश निघाला की राज्यघटनेच्या कलम ३२९ मुळे न्यायालयात आव्हान देणं फार कठीण होतं, म्हणून जे काही करायचं ते मसुद्याच्या टप्प्यावर.

हरकत लिहिताना गावांची नावं जनगणनेत आहेत तशी द्या. प्रत्येकाची लोकसंख्या लिहा. एक महसूल मंडळ आपल्याकडे ओढायचं असेल तर तेवढ्याच लोकसंख्येचं दुसरं कुठलं सोडायचं तेही सांगा, कारण बेरीज सरासरीच्या जवळ राहावी लागते. कायद्यात भौगोलिक सलगता, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय हे निकष आहेत. कोकणात खाड्या आणि घाट यांच्यामुळे नकाशावर शेजारी दिसणारी गावं रस्त्याने तासाभरावर असतात. तेव्हा एसटीचा मार्ग, पूल कुठे आहे आणि तालुक्याच्या ठिकाणापर्यंतचं किलोमीटरमधलं अंतर लिहा आणि सोबत तालुक्याचा नकाशा जोडा. ग्रामसभेचा ठराव असेल तर त्याची प्रतही द्या. आणि लोकसभेसाठी आजच सहा-सहाचे गट कागदावर मांडून पाहा: रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून सहाच जागा राहिल्या, तर दापोली-गुहागरची वस्ती रायगडकडून परत येऊन एकच मतदारसंघ पूर्ण होईल, आणि रायगडच्या सात जागांमधली कुठली एक शेजाऱ्याला द्यायची हा प्रश्न अलिबाग-पेणकरांपुढे असेल.